अवजडाची समुद्रवाट

नाशिकच्या द्वारका चौकाचे नाव काढले की नाशिककराला आधी कोंडी आठवते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे फुटणारा रस्ता इथे भेटतात. वरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी काही हटली नाही. या गर्दीत अधूनमधून, बहुतेक रात्री उशिरा, एखादा लांबलचक ट्रेलर शिरतो. वर ताडपत्री, कडांना लाल झेंडे, पुढे दिवा लुकलुकणारी जीप आणि बाजूने पायी चालणारी दोन-तीन पोरे. त्यातल्या एकाच्या हातात लांब बांबू असतो, रस्त्यावर लोंबणाऱ्या केबल वर उचलायला. ट्रान्सपोर्टवाले या मालाला ‘ओडीसी’ म्हणतात, म्हणजे ‘ओव्हर डायमेन्शनल कार्गो’, मापाबाहेरचा माल. वळण घेताना ट्रेलरची शेपटी दुभाजकाला भिडते, ड्रायव्हर पुन्हा मागे घेतो, मागचे हॉर्न सुरू होतात. ताटकळलेल्या रिक्षावाल्याला एकच प्रश्न पडतो: एवढे धूड रस्त्यानेच कशाला न्यायचे?

प्रश्न रास्त आहे. समुद्रमार्गे होणाऱ्या अवजड वाहतुकीवरच्या या पुस्तकाकडे नाशिकच्या वाचकाने त्याच प्रश्नावरून यावे.

रस्त्याला मापे असतात. मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी साधारण २.६ मीटरपर्यंत चालते. त्यापुढे खास परवानगी, ठरलेला मार्ग, ठरलेल्या वेळा. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे एक अवाढव्य ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची भट्टी, निघाला. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरहून अधिक. ७४ चाकांचा ट्रेलर त्याला घेऊन चालू लागला. वाटेत विजेच्या तारा बाजूला कराव्या लागल्या, झाडे छाटावी लागली, मध्येच टाळेबंदी आली. तो मुक्कामी पोहोचला जुलै २०२० मध्ये. त्याला अडवले ते वजनाने नव्हे, आकाराने. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या हिशेबात ७० टन म्हणजे किरकोळ माल.

त्यातून एक गोष्ट उघड होते, आणि हा विषय समजायला ती पुरेशी आहे. घाटावर जे बनते ते तुकड्यांत बनते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतानाच कसारा घाटातली वळणे आणि वाटेतल्या पुलांची उंची वस्तूचे माप ठरवून जातात. किनाऱ्यावरच्या यार्डात मात्र अख्खी वस्तू उभी करता येते, कारण तिथून पुढचा रस्ता पाण्याचा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणारा पहिला धनुष्याकृती गर्डर १३६ मीटर लांब आणि सुमारे २,००० टन वजनाचा. त्याचे सुटे भाग हरयाणातल्या अंबाल्यात तयार झाले आणि पाचशेच्या आसपास ट्रेलरांतून मुंबईजवळच्या न्हाव्याला आले. तिथे माझगाव डॉकच्या यार्डात ते जोडले गेले, आणि मग हे सारे एकच वस्तू होऊन बार्जवरून वरळीला निघाले. २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे गर्डर खांबांवर बसला. दुसरा त्याहून मोठा, १४३ मीटर आणि सुमारे २,५०० टन. तो १५ मे रोजी बसला. जमिनीवर ज्याला शेकडो ट्रेलर लागले, त्याला पाण्यावर एक बार्ज पुरला.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. अवजड माल समुद्रातून नेणे म्हणजे प्रचंड ताकदीचा खेळ, असे बाहेरच्याला वाटते. फोटोही तसेच छापले जातात: आभाळाला भिडलेली क्रेन, खाली मुंगीएवढी माणसे. ताकद लागतेच, पण ती भाड्याने मिळते. खरी विद्या आहे ती हिशेबाची आणि थांबण्याची. वजनाचा मध्य कुठे आहे, भरती किती वाजता चढते, वारा किती वेगाने वाहील, आणि यातले एक जरी बिनसले तरी ‘आज नाही’ म्हणायची हिंमत कोणात आहे? या धंद्याचा इतिहास नीट वाचला तर तो या ‘आज नाही’चा इतिहास आहे.

तो सुरू कुठून करायचा यावर मतभेद होतील. मुंबईपुरते बोलायचे तर १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची इंजिने इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनून जहाजातून आली होती. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे बहुतेक इंजिने सुटी करूनच यायची आणि इथे पुन्हा जोडली जायची. १९२० च्या दशकात दोघांनी हे बदलले म्हणावे लागेल. नॉर्वेच्या ख्रिस्टन स्मिथ यांनी जोडलेली इंजिने जशीच्या तशी वाहणारी जहाजे काढली. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीला ब्रिटिश हिंदुस्थानकडे जाणाऱ्या तयार इंजिनांची मागणी वाढताना दिसली आणि तिने १९२९ मध्ये ‘लिक्टेनफेल्स’ हे जहाज १२० टन उचलणाऱ्या डेरिक क्रेनसह समुद्रात उतरवले. अवजड मालासाठी खास बांधलेले जगातले पहिले जहाज म्हणून त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे या साऱ्या जहाजकुळाच्या जन्माला हिंदुस्थानातल्या रेल्वेची भूक कारणीभूत आहे. आपल्याकडच्या रेल्वेच्या इतिहासात ही ओळ सहसा सापडत नाही.

पुढचे वळण तेलाचे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधले. जुन्या एक रुपयाच्या नोटेच्या मागे समुद्रात उभा असलेला तो मनोरा म्हणजे हीच रिग. घराघरांतल्या गल्ल्यांत, पूजेच्या ताटांत ती वर्षानुवर्षे पडून होती आणि फार थोड्यांनी तिला नावाने ओळखले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि मुंबई हाय या तेलक्षेत्राला एकामागून एक प्लॅटफॉर्म लागू लागले. प्लॅटफॉर्म म्हणजे दोन वस्तू: पाण्याखाली उभा राहणारा नळ्यांचा सांगाडा, ज्याला ‘जॅकेट’ म्हणतात, आणि त्याच्या डोक्यावर बसणारा ‘डेक’. मुंबई हायवर पाणी साधारण पंचाहत्तर मीटर खोल. जॅकेट त्याहून उंच. अशी वस्तू मुंबईच्या कोणत्या रस्त्यावरून नेणार? १७७४ पासूनची गोदी वारशाने मिळालेला माझगाव डॉक या कामात उतरला तो त्यामुळेच. युद्धनौका बांधणारे वेल्डर जॅकेट बांधू लागले, आणि न्हाव्याचा किनारा या कामासाठी तयार झाला.

जगभर या वाहतुकीची चार घराणी मानता येतील. सरमिसळ होत असते, तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिले, सर्वांत जुने, ओढण्याचे. वस्तू स्वतः तरंगत असेल तर पुढे टग लावायचा आणि वायरने खेचायची. सोपे वाटते, पण मोठे घातही याच घराण्यात झाले आहेत. जॅक-अप रिग जागेवर उभी असते तेव्हा तिचे पाय तळाला टेकलेले असतात. प्रवासात ते वर काढतात, म्हणजे तरंगत्या तराफ्यावर शंभरेक मीटरचे लोखंडी मनोरे उभे राहतात. डिसेंबर २०११ मध्ये ओखोत्स्क समुद्रात ‘कोल्स्काया’ ही रशियन रिग टगमागे असताना वादळात सापडून उलटली. तिच्यावरच्या ६७ जणांपैकी ५३ गेले. मुंबईकरांनी याच घराण्याचा एक प्रताप त्याच वर्षी दारातच पाहिला. कोलंबोहून अलंगला भंगारात काढायला ओढून नेले जाणारे ‘विझडम’ जहाज ११ जून २०११ ला वायर तुटून सुटले आणि जुहूच्या वाळूत येऊन रुतले. भुट्टे खात लोक ते बघायला गेले. ते सागरी सेतूवर आदळले असते तर काय झाले असते, याची चर्चा मात्र फारशी टिकली नाही.

दुसरे घराणे बार्जचे. सपाट तळाचा, बहुधा इंजिन नसलेला बार्ज आणि पुढे टग. आपला किनारा याच घराण्याचा आहे, आणि त्याला कारण आहे. यार्डापासून मुंबई हायपर्यंत ताशी चार-पाच सागरी मैलांनीही एका दिवसात पोहोचता येते, मग महागडे जहाज कशाला मागवा? अटल सेतूचे स्टीलचे गाळेही असेच गेले. जपानसह अनेक देशांत बनलेले तुकडे करंजाला जोडले आणि तिथून बार्जवर चढवून पुलाच्या रांगेत नेले; असे ७० गाळे, त्यातला सर्वांत लांब १८० मीटरचा.

तिसरे, स्वतःच्या क्रेन घेऊन फिरणाऱ्या जहाजांचे. ‘लिक्टेनफेल्स’ची ही लेकरे. बंदरात क्रेन नसली तरी यांचे अडत नाही, म्हणून वीज प्रकल्पांची अवजड यंत्रे गरीब देशांच्या छोट्या बंदरांत यांच्यामुळेच उतरली. तरंगत्या क्रेन या त्यांच्या भावकीतल्या. वांद्रे-वरळी सेतूच्या वेळी ‘एशियन हर्क्युलिस’ने १,२६० टनांचा लाँचिंग गर्डर उचलून दुसरीकडे ठेवला होता.

चौथे घराणे बुडी मारणाऱ्यांचे, आणि यांच्यापुढे बाकीचे फिके पडतात. जहाज पोटातल्या टाक्यांत पाणी भरून आपला डेक पाण्याखाली नेते; वस्तू तरंगत त्याच्यावर आणतात; पाणी बाहेर फेकले की जहाज वस्तूसह वर येते. ऑक्टोबर २००० मध्ये एडनला स्फोटात भगदाड पडलेली अमेरिकेची ‘कोल’ विनाशिका ‘ब्लू मार्लिन’ने अशीच पाठीवर घेऊन मायदेशी नेली. २००४ मध्ये त्याच जहाजाने, रुंदी वाढवून घेतल्यावर, कोरियातून टेक्सासला सुमारे ६०,००० टनांचा ‘थंडर हॉर्स’ प्लॅटफॉर्म पोहोचवला. आजचे सर्वांत मोठे ‘बोका व्हॅनगार्ड’ २७५ मीटर लांब आहे आणि त्याला नाळच नाही. डेक पुढून-मागून मोकळा, जेणेकरून माल दोन्हीकडे बाहेर लोंबला तरी चालेल. मुंबईच्या वाडिया बांधकामगारांनी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटला १९८७ मध्ये पोर्ट्समथहून हार्टलपूलला नेले तेव्हा तीही माल म्हणूनच दुसऱ्या तराफ्यावर बसून गेली. दीडशेहून अधिक वर्षे तरंगलेले जहाज शेवटी ओझे झाले, पण सुखरूप पोहोचले. आजही ते तिथे पाहता येते.

या साऱ्या प्रकारांत कस लागतो तो वस्तू जमिनीवरून पाण्यावर जाण्याच्या तीन-चार तासांत. यार्डात याला ‘लोडआउट’ म्हणतात. दोन हजार टनांचा डेक शेकडो चाकांच्या, स्वतः चालणाऱ्या ट्रान्सपोर्टरवर चढलेला आहे आणि धक्क्याला ९० मीटर लांब, २७ मीटर रुंद बार्ज लागला आहे असे समजा. पूर्ण माल अंगावर आला की हा बार्ज साधारण ८० सेंटिमीटर खाली जाणार. पण तो एकदम नाही, आणि सरळही नाही: पहिली चाके चढताच धक्क्याकडचे टोक दबते आणि लांबचे वर उचलते. धक्का तर जागचा हलत नाही. म्हणून बार्जच्या टाक्यांतले पाणी त्याच हिशेबाने एका बाजूने काढायचे, दुसऱ्या बाजूला भरायचे. शिवाय खालचे पाणीही स्थिर नाही. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर जाते. पावसाळ्यात वर्तमानपत्रे त्या तारखा छापतात त्या रस्ते तुंबण्याच्या भीतीने, यार्डात मात्र त्यांच्याकडे वर्षभर डोळे लागलेले असतात. लोडआउट चढत्या भरतीवर धरतात, कारण बार्ज मालाने जेवढा दबेल तेवढा भाग भरती परत उचलते. वायरलेसवर एक माणूस सेंटिमीटर ओरडतो, दुसरा पंपाचे व्हॉल्व्ह फिरवतो, ट्रान्सपोर्टर माणसाच्या चालीहून हळू सरकतो. एखादा पंप बंद पडला की सगळे थांबते. भरती मात्र थांबत नाही.

माल चढला की तो बांधायचा. याला ‘सी-फास्टनिंग’ म्हणतात. दोऱ्या-साखळ्यांचे काम नव्हे. जाड पोलादी पट्ट्या आणि नळ्या डेकला वेल्ड करतात, आणि पोहोचल्यावर कापून काढतात. हिशेब करताना मोठ्या बार्जसाठी प्रचलित गृहीतक असे की तो दोन्ही बाजूंना वीस-वीस अंशांनी डोलेल आणि एक डोल दहा सेकंदांत पुरा करेल. वीस अंशांच्या नुसत्या उतारावरही वजनाचा तिसरा हिस्सा बाजूला ढकलतो; हेलकाव्याचा झटका त्यावर वेगळा. बांधणी या जोरासाठी असते. शांत पाण्यात ती अवास्तव वाटते, आणि ‘इतके वेल्डिंग कशाला’ असा खर्च वाचवू पाहणारा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतोच.

अशा प्रश्नांना उत्तर देणारा माणूस या धंद्यात ठरलेला आहे: मरीन वॉरंटी सर्व्हेयर. विमा कंपनीच्या अटीमुळे तो नेमला जातो. हिशेब तपासतो, वेल्ड बघतो, हवामानाचा अंदाज वाचतो आणि सही करतो. त्याची सही नसेल तर टग धक्का सोडत नाही; सोडलाच तर विमा गेला. कंत्राटदाराला दिवसाचे भाडे दिसत असते, मालकाला मुदत दिसत असते. नुसते समुद्राकडे बघण्याचे पैसे मिळणारा हा एकटाच. या विषयाच्या तंत्राइतकेच महत्त्व या व्यवस्थेला आहे, किंबहुना जास्त.

आपल्या किनाऱ्यावर हे उगाळून सांगण्याची गरज २०२१ ने दाखवून दिली. तौक्ते चक्रीवादळाचा इशारा हवामान खात्याने आधी दिला होता. मुंबई हायच्या कामावरचा ‘पी-३०५’ हा राहण्याचा बार्ज, त्यावर २६१ माणसे, तेलक्षेत्रातच नांगरावर राहिला. नांगर तुटले, बार्ज भरकटला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. ‘वरप्रदा’ हा टगही गेला. दोन्ही मिळून ऐंशीहून अधिक माणसे मेली. नौदलाने दीडशेहून अधिक जणांना खवळलेल्या पाण्यातून काढले म्हणून आकडा तिथे थांबला. बार्ज हे वाहन आहे की तरंगती इमारत, त्याने कधी हलायचे, आणि हलवण्याचा शब्द कोणाचा, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले. ज्या किनाऱ्यावर कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी ओढून ठेवतात, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर काम किती ताणायचे हा प्रश्न नवा नव्हता.

हे सगळे आजच वाचायचे कारण पुढची पंचवीस वर्षे या कामांची आहेत. मुंबई हायच्या शोधाला २०२४ मध्ये पन्नास वर्षे झाली. तिथले जुने प्लॅटफॉर्म कधीतरी कापून परत आणावे लागतील, आणि काढणे हे बसवण्याहून अवघड असते, कारण गंजलेल्या वस्तूचे नेमके वजन कोणालाच ठाऊक नसते. ‘सागर सम्राट’ला भंगारात न काढता उत्पादन करणारे फिरते केंद्र बनवून डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा कामाला लावले, हा एक मार्ग, तो प्रत्येक सांगाड्याला लागू होणार नाही. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्यांसाठी केंद्राने २०२४ मध्ये मदत मंजूर केली आहे. त्यांची पाती आणि मनोरे रस्त्याच्या मापात बसत नाहीत. पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाली. त्या बंदराविषयी मच्छीमारांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकण्याजोगे आहेत. बंदर झाले तर तिथल्या महाकाय क्रेन समुद्रातूनच येतील, हेही तितकेच खरे.

प्रस्तुत पुस्तक या विषयाचे पाठ्यपुस्तक नाही. वाचून कोणाला बार्जचे गणित मांडता येणार नाही, पण मांडलेले गणित कशासाठी आहे ते कळेल. कंटेनर वाहतूक मुद्दाम बाहेर ठेवली आहे. तिच्यावर पुष्कळ लिहिले जाते. भर आहे तो यार्ड, धक्का आणि टग यांवर, आणि शब्द तिथे बोलले जातात तेच ठेवले आहेत. अपघातांची प्रकरणे हा पुस्तकाचा सर्वांत कसदार भाग आहे, कारण तिथे दोष एका माणसावर टाकून मोकळे होण्याची घाई नाही. उणीव एकच जाणवते: इंजिनीअर आणि कॅप्टन पुष्कळ बोलतात, वायर हाताळणारा खलाशी, सी-फास्टनिंगचा वेल्डर आणि बांबू घेऊन ट्रेलरबरोबर चालणारा हेल्पर यांचे बोलणे कमी आले आहे.

ती उणीव लेखकाला एकट्याने भरून काढता येणार नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत माझगाव आणि न्हाव्याला पहिली जॅकेट बांधणारे, ती बार्जवर चढवून मुंबई हायला नेणारे कामगार आता निवृत्त झाले आहेत. त्यांतले कितीतरी घाटावरच्या गावांत परतले असतील. तुमच्या घरात, शेजारात असे कोणी असेल तर त्यांच्याकडून ऐकून घ्या, तारखांसह लिहून ठेवा, जुने फोटो, पास आणि डायऱ्या फेकू नका, आणि जमले तर प्रकाशकाकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा ठेवली आहे.